‘नेट बंद आहे’ म्हणजे नेमकं कुठं बंद आहे?

मे-जून आला की खानदेशातल्या सेवा केंद्रांवर एकच वाक्य ऐकू येतं, ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या.’ उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेअर, अकरावीचे अर्ज असं सगळं एकदमच अंगावर येतं. २०२५ मध्ये अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच मोठ्या शहरांपुरते न राहता राज्यभर लागू झाले आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, २१ मेला, संकेतस्थळ कोलमडलं. नोंदणी २६ मेपर्यंत पुढं ढकलावी लागली. त्या दिवशी शिरपूरपासून रावेरपर्यंत किती जणांनी आपापले राउटर बंद-चालू केले असतील आणि केबलवाल्याला शिव्या घातल्या असतील, देव जाणे. त्यांचं नेट ठणठणीत होतं.

उलटंही तितक्याच वेळा होतं. सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर चालतं तो पलीकडचा संगणक, व्यवस्थित चालू असतो, केंद्राच्या टेबलाखाली जॅकची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असते, वायर पायाच्या धक्क्यानं सुटत असते, आणि रांगेतल्या पन्नास माणसांना मात्र ‘सर्व्हर डाऊन’च ऐकावं लागतं. खोटं बोलायचं म्हणून कुणी तसं म्हणत नाही. बिघाड कुठं आहे हे बघता येतं, हेच ठाऊक नसतं.

बघता येतं. त्याची हत्यारं प्रत्येक संगणकात आधीपासून पडून आहेत, फुकट आहेत, आणि एकूण चार-पाचच लागतात. केळीच्या बागेत शेवटच्या ओळीला पाणी पोचत नसलं तर शेतकरी थेट मोटर खोलायला बसत नाही. फिल्टरपाशी दाब बघतो, मग मेन लाइन, मग सबमेनचा व्हॉल्व्ह, मग ठिबकची नळी. पाणी कुठपर्यंत येतंय हे कळलं की बिघाड त्याच्या पुढच्याच टप्प्यात असणार. नेटचं तपासणं तंतोतंत असंच आहे. फरक एवढाच, की इथं आपण शेवटच्या ड्रीपरपाशी उभे असतो आणि तिथून उलटं मोटरीकडं चालत जायचं असतं.

## काळी खिडकी उघडण्याआधी

आधी डोळ्यांनी बघून घ्या. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून येणाऱ्या काचेच्या तारेतून उजेडच पोचत नाहीये. वायर मोडली आहे, उंदरानं खाल्ली आहे किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं उपटली आहे. अशा वेळी कुठलीही कमांड मारून उपयोग नाही, फोन लावा.

दिवे ठीक असतील तर विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरा आणि आर दाबा. जी चौकट उघडेल तिच्यात सी, एम, डी ही तीन अक्षरं लिहून एंटर मारा. काळी खिडकी उघडते. सिनेमातल्या हॅकरमुळं या खिडकीची उगाच धास्ती बसली आहे. खरं तर ती माउसऐवजी लिहून काम सांगायची जागा आहे. लिहिलेल्या एका कामाला कमांड म्हणतात. लिनक्स आणि मॅकवर याच खिडकीला टर्मिनल म्हणतात.

कमांडची अक्षरं अर्थातच इंग्रजीत टाइप करायची, आकडेही कीबोर्डवरचेच.

## घरातल्या घरात: आपल्याला पत्ता मिळालाय का?

पहिली कमांड आयपीकॉन्फिग. आय, पी, मग सी-ओ-एन-एफ-आय-जी, सगळं सलग. एंटर मारला की भराभर ओळी येतात. ‘मीडिया डिसकनेक्टेड’ लिहिलेले गट सोडून द्या, ती न वापरलेली दारं आहेत. ज्या गटात ‘डीफॉल्ट गेटवे’समोर आकडा आहे तो आपल्या कामाचा.

त्यात दोन गोष्टी बघायच्या. आयपी पत्ता म्हणजे जाळ्यावरचा आपल्या संगणकाचा आकडी पत्ता. गेटवे म्हणजे घराबाहेर पडायचं दार, बहुतेक ठिकाणी आपला राउटरच. पत्ता १९२.१६८ नं सुरू होणारा दिसला तर राउटरनं आपल्याला ओळखलंय, पुढं चला. १० नं सुरू होणारा असला तरी हरकत नाही.

पण गेटवेसमोर काहीच नसेल आणि पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर तिथंच थांबा. राउटरकडं पत्ता मागितला आणि उत्तर आलं नाही, की संगणक स्वतःच स्वतःला असा एक कामचलाऊ पत्ता देऊन टाकतो. म्हणजे राउटरपर्यंतसुद्धा बोलणं होत नाहीये. दोष वायरचा असेल, वायफायचा असेल नाहीतर राउटर लटकला असेल. कंपनीला फोन करायची वेळ अजून आलेली नाही. वायर काढून पुन्हा घट्ट बसवा, मग आयपीकॉन्फिग लिहून एक जागा सोडा, पुढं तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कळीवरची) आणि तिला चिकटून रिन्यू लिहा. संगणक पत्ता नव्यानं मागतो.

कुठल्याच गटात गेटवे नसेल आणि सगळीकडं ‘मीडिया डिसकनेक्टेड’च असेल, तर वायर निघालेली आहे किंवा लॅपटॉपचं वायफायच बंद आहे. लाजायचं कारण नाही, निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

## पिंग: हाक मारायची आणि ‘ओ’ची वाट बघायची

आता खरं हत्यार. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक मूस नावाच्या माणसानं आपल्याच नेटवर्कची अडचण शोधायला एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा आवाज जाऊन आदळतो आणि परत येतो, त्या आवाजावरून त्यानं नाव ठेवलं पिंग. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी आजही जगातला कुठलाही नेटवर्क इंजिनिअर पहिल्यांदा हेच मारतो.

पिंग एक छोटं पाकीट पाठवतो. पाकीट म्हणजे माहितीचा सुटा तुकडा. नेटवरून जे काही जातं ते अशाच तुकड्यांनी जातं. समोरच्यानं ते परत केलं की किती वेळ लागला ते पिंग सांगतो. विंडोजवर तो चार हाका मारून थांबतो.

तीन पिंग मारायचे, याच क्रमानं. पहिला आपल्या गेटवेला: पिंग, एक जागा, आणि मघाशी बघितलेला आकडा, समजा १९२.१६८.१.१. दुसरा ८.८.८.८ ला. हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे, २००९ पासून चालू आहे, आणि पाठ करायला सोपा म्हणून सगळे त्यालाच हाक मारतात. तिसरा एखाद्या नावाला, म्हणजे गूगल डॉट कॉम वगैरे.

गेटवेनं उत्तर दिलं आणि ८.८.८.८ नं नाही, तर घरातलं सगळं ठीक आहे, बिघाड दाराबाहेर. आता केबलवाल्याला फोन करा, तो तुमचा हक्क आहे. दोन्हींनी उत्तर दिलं आणि नावालाच आलं नाही, तर वेगळीच भानगड आहे, ती पुढच्या भागात बघू.

उत्तर येणं-न येणं एवढंच बघू नका, वेळही बघा. ती मिलिसेकंदात असते, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. वायरनं जोडलेल्या गेटवेकडून एक-दोन मिलिसेकंदात उत्तर यायला हवं, चांगल्या वायफायवर पाच-दहापर्यंत. तिथंच दीडशे-दोनशे दिसत असतील, किंवा चारांतल्या एक-दोन हाका वाया जात असतील, तर कंपनी निर्दोष आहे. वायफाय मधेच गळतंय. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत दोन-दोन हात जाड मातीच्या भिंती असतात. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण अशा भिंतीपुढं मान टाकतो. २.४ चा पट्टा हळू असला तरी भिंत जास्त चांगली ओलांडतो. शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा करून मातीची भिंत पातळ होत नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

एका ठिकाणी मात्र पिंग चकवतो. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे हाक मारली, ठरलेल्या वेळात काहीच आलं नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ म्हणजे तिकडं जायची वाटच सापडली नाही, असं कुणीतरी कळवलंय. हे कळवणारा कोण? ओळीच्या सुरुवातीला ‘रिप्लाय फ्रॉम’ पुढं जो पत्ता असतो तो बघा. पुष्कळदा तो आपल्याच संगणकाचा निघतो! आणि गंमत अशी की विंडोज ते उत्तर ‘मिळालं’ म्हणून मोजतो आणि खाली शून्य टक्के नुकसान असं छापतो. नुसती शेवटची ओळ बघणारा सगळं आलबेल समजतो. उत्तर कुणाचं आलं हे वाचल्याशिवाय पिंग वाचला असं म्हणू नये.

खानदेशात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. लाइट गेली, आपल्या इन्व्हर्टरवर राउटर चालू आहे, वायफायची खूण भरलेली आहे, तरी नेट नाही. गेटवे उत्तर देतो, ८.८.८.८ गप्प. बऱ्याचदा केबलवाल्याकडच्या यंत्राचा बॅकअप संपलेला असतो. दुरुस्त करण्यासारखं आपल्याकडं काही नसतं, लाइटची वाट बघायची.

## आकड्याला उत्तर, नावाला नाही

संगणकांना नावं कळत नाहीत, आकडी पत्ते कळतात. आपण नाव लिहिलं की त्याचा आकडा शोधून देणारी एक वेगळी व्यवस्था आहे, तिला डीएनएस म्हणतात. १९८३ मध्येच पॉल मोकापेट्रिस यांनी तिचा आराखडा मांडला. ती अडली तर वायर, राउटर, रस्ता सगळं ठीक असूनही एकही संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी माणूस ‘नेट बंद’ म्हणणारच.

तपासायला एनएसलुकअप ही कमांड. एन, एस, मग एल-ओ-ओ-के-यू-पी, एक जागा, आणि संकेतस्थळाचं नाव. पत्ता परत आला तर डीएनएस ठीक. नाही आला, तर तीच कमांड पुन्हा लिहून शेवटी एक जागा सोडून ८.८.८.८ जोडा. म्हणजे नेहमीच्या डीएनएसला बाजूला ठेवून गूगलच्या सर्व्हरला विचारा. त्यानं पत्ता दिला तर तुमच्या कंपनीचा डीएनएस अडलाय. संगणकाच्या किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाकला की काम चालू. कधी संगणकानं जुना, बदललेला पत्ता लक्षात ठेवलेला असतो. तो पुसायला आयपीकॉन्फिग, एक जागा, तिरपी रेघ आणि फ्लशडीएनएस.

डीएनएस केवढा गोंधळ घालू शकतो ते ४ ऑक्टोबर २०२१ ला जगानं पाहिलं. फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम तिन्ही सुमारे सहा तास बंद होती. देखभालीच्या कामात एका चुकीच्या कमांडनं कंपनीचं आतलं जाळं तुटलं आणि कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडं जायच्या वाटांची माहितीच इंटरनेटवरून नाहीशी झाली. नावं विचारायला जागाच उरली नाही. त्या रात्री ज्यांनी फोन चार-चार वेळा बंद-चालू केला त्यांनी एनएसलुकअप मारला असता तर निदान फोनला विश्रांती मिळाली असती.

## ट्रेसआरटी: वाटेत कुठं अडलं?

पिंग पोचलं की नाही तेवढं सांगतो. वाटेतले थांबे दाखवायला ट्रेसआरटी आहे: टी-आर-ए-सी-ई-आर-टी, एक जागा, आणि ८.८.८.८ किंवा नाव. मूळ प्रोग्रॅम १९८० च्या दशकात व्हॅन जेकबसन यांनी लिहिला, आणि त्यातली युक्ती झकास आहे.

प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देऊन पाठवणाऱ्याला कळवतो. पाकिटं जाळ्यात गोल-गोल फिरत राहू नयेत म्हणून ही सोय. ट्रेसआरटी मुद्दाम आधी आकडा १ घालून पाकीट पाठवतो. पहिलाच राउटर ते टाकून देतो आणि ‘मी टाकलं’ असं कळवतो, म्हणजे पहिल्या थांब्याचा पत्ता मिळाला. मग २ घालून, मग ३. असे ३० थांब्यांपर्यंत तो जातो, आणि प्रत्येक थांब्याला तीनदा विचारतो, म्हणून ओळीत वेळेचे तीन आकडे छापलेले असतात.

जळगावातून मारला तर पहिली ओळ आपला राउटर. दुसरी-तिसरी बऱ्याचदा १० नं किंवा १००.६४ सारख्या आकड्यानं सुरू होते. ते कंपनीच्या आतले थांबे. तिथून पुढं मुंबई वगैरे. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जळगाव-मुंबई चारशे किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन चारच मिलिसेकंद. तार सरळ रेषेत जात नाही आणि मधली यंत्रं थोडा वेळ खातात, म्हणून वीस-तीस दिसले तर सगळं छान आहे. सर्व्हर युरोपात असेल तर सव्वाशे-दीडशे होणारच. तो बिघाड नाही, तो भूगोल आहे.

हा निकाल वाचताना भलेभले घसरतात. मधल्याच एका ओळीवर तीन चांदण्या आल्या, किंवा तिथली वेळ एकदम तीनशे झाली, की लोक ‘सापडलं!’ म्हणून ओरडतात. थांबा, खालच्या ओळी बघा. पुढच्या थांब्यांवर वेळ पुन्हा वीस-तीसवर आली असेल तर त्या मधल्या राउटरचा काही दोष नाही. त्याचं मुख्य काम पाकिटं पुढं ढकलणं. ‘कोण आहे?’ या चौकशीला उत्तर द्यायला तो टाळाटाळ करतो किंवा मुळीच देत नाही, एवढंच. वेळ एका ओळीवर वाढली आणि तिथून शेवटपर्यंत वाढलेलीच राहिली, तरच तिथून विचार सुरू करायचा. आणि एका ओळीनंतर शेवटपर्यंत चांदण्याच चांदण्या असतील, पलीकडचं काही उघडतही नसेल, तर शेवटचा बोलणारा थांबा टिपून ठेवा. पाणी तिथपर्यंत येतंय.

## सगळं ठीक दिसतंय, तरी साइट उघडत नाही. मग?

मग बहुधा सर्व्हर खरोखरच डाऊन आहे, आणि तेही पुराव्यानिशी सांगता येतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कर्ल नावाची कमांड आलेली आहे. सी-यू-आर-एल, एक जागा, वजा चिन्हाला चिकटून मोठा आय, एक जागा, आणि ब्राउझरमध्ये दिसतो तसा संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता. उत्तराच्या पहिल्या ओळीत तीन आकडी अंक येतो. २०० म्हणजे सगळं ठीक. ३०१ किंवा ३०२ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा, असं सांगतोय. ५०३ म्हणजे सर्व्हर सांगतोय की मला आत्ता झेपत नाही. ५०२ आणि ५०४ म्हणजे पुढचं यंत्र जागं आहे, त्याच्या मागचं गडबडलंय. पाचशेच्या घरातला अंक दिसला की राउटरला हात लावू नका. गर्दी ओसरल्यावर, रात्री उशिरा प्रयत्न करा.

एक फसवं कारण सेवा केंद्रातल्या जुन्या संगणकांवर नेहमी सापडतं. पिंग उत्तम, नावं उत्तम, पण ब्राउझर प्रत्येक साइटला ‘हे जोडणं सुरक्षित नाही’ म्हणतो. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि संगणक आठ-दहा वर्षं मागं जाऊन बसलेला असतो. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकली की ते प्रमाणपत्र संगणकाला अवैध वाटतं. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला.

## पिंगला उत्तर नाही म्हणजे साइट बंदच ना?

नाही. अनेक संकेतस्थळं, विशेषतः सरकारी आणि बँकांची, पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. हाकेला ओ देत नाहीत, पण ब्राउझरनं दार ठोठावलं की उघडतात. म्हणून एकाच पत्त्याच्या मौनावरून निकाल देऊ नये. मोबाइलचा हॉटस्पॉट घेऊन तीच साइट उघडून बघा. हॉटस्पॉटवरही नसेल तर शक्यता साइटच बंद असण्याची. हॉटस्पॉटवर उघडली तर गडबड आपल्या लाइनच्या वाटेत.

## ‘राउटर बंद करीसन चालू कर’ यानं होतंच की!

होतं, खरंच होतं. राउटर म्हणजेही एक छोटा संगणक. खानदेशातल्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, पंचेचाळीस अंशांत तो लटकतो. बंद-चालू केलं की त्याची स्मृती रिकामी होते आणि पत्ता नवा मिळतो. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी बंद-चालू केलं की पुरावाही पुसला जातो आणि उद्या दुपारी तेच होतं. दोन मिनिटं काढून गेटवेला पिंग मारा, मग खुशाल बंद करा. रोज दुपारीच गेटवे गप्प होत असेल तर राउटर भिंतीवरून काढून मोकळ्या हवेत ठेवा.

मधूनमधून तुटणारं नेट पकडायला पिंगच्या शेवटी एक जागा सोडून वजा चिन्ह आणि छोटा टी जोडा. मग तो थांबवेपर्यंत हाका मारत राहतो. कंट्रोल आणि सी एकदम दाबलं की थांबतो आणि एकूण किती टक्के वाया गेल्या ते सांगतो. अशा दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावा, एकीत गेटवे, दुसरीत ८.८.८.८. तुटलं की कुठली आधी गप्प झाली ते डोळ्यांदेखत दिसतं.

## यात काही बिघडणार नाही ना?

वरच्या कमांड बघण्याच्या आहेत, मोडण्याच्या नाहीत. फार तर रिन्यूनं क्षणभर नेट तुटेल.

धोका दुसरीकडून आहे. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असं फोनवर सांगणारे भामटे ही काळी खिडकी उघडायला लावतात आणि नेटस्टॅट नावाची कमांड मारायला सांगतात. ‘फॉरेन अॅड्रेस’ या मथळ्याखाली आकड्यांची रांग येते आणि तो म्हणतो, बघा, हे परदेशी हॅकर. तिथं फॉरेन म्हणजे पलीकडचं टोक, एवढंच. तुम्ही उघडलेल्या साध्या संकेतस्थळांचेच ते पत्ते असतात. फोन ठेवून द्या.

## केबलवाल्याशी बोलताना

‘दादा, नेट बंद शे’ असं म्हटलं की तो ‘सायंकाळी माणूस पाठवतो’ म्हणणार, आणि सायंकाळ कधी उगवेल ते त्यालाच ठाऊक. त्याऐवजी सांगा, ‘दादा, एलओएस लाल नाही. गेटवेला पिंग एक मिलिसेकंद आहे. ८.८.८.८ ला सकाळी दहापासून शंभरातल्या चाळीस हाका वाया जातायत. ट्रेसआरटी तुमच्या दुसऱ्या थांब्यानंतर गप्प होतो, फोटो पाठवलाय.’ राउटर बंद-चालू करायला सांगायची सोयच उरत नाही.

तरीही हलला नाही तर कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणं तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि तिथं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं. अपिलासोबत काळ्या खिडकीचे तारीख-वेळ दिसणारे फोटो जोडा.